पाणी नेमके कोठे अडते? व्हॉल्व्हमधील कॅव्हिटेशन, फ्लॅशिंग आणि प्रवाहाची मर्यादा



नळाची तोटी अधिक फिरवली की पाणी अधिक येते आणि नळीच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक वाढला की प्रवाह वाढतो, ही समजूत आपल्या रोजच्या अनुभवातून तयार झालेली आहे. घरगुती व्यवहारापुरती ती पुरेशी आहे. परंतु मोठ्या दाबाच्या किंवा उष्ण पाण्याच्या नळीत एक वेळ अशी येते की, पुढील बाजूचा दाब कितीही कमी केला तरी व्हॉल्व्हमधून जाणारे पाणी एका थेंबानेही वाढत नाही. त्याच वेळी व्हॉल्व्हमधून खडी वाहत असावी असा आवाज येऊ लागतो आणि काही महिन्यांत आतील पोलाद कुरतडले जाते. असे का घडते, याचा विचार या लेखात आम्ही मांडत आहोत.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. कन्हान नदीच्या काठच्या या मौदा तालुक्यात एनटीपीसीचे औष्णिक विद्युत केंद्र उभे आहे. ५०० मेगावॉटचे दोन आणि ६६० मेगावॉटचे दोन असे चार संच मिळून त्याची क्षमता २३२० मेगावॉट होते. त्याला लागणारे पाणी वैनगंगेवरील गोसीखुर्द जलाशयातून येते. कोळसा डोळ्यांना दिसतो, चिमणीचा धूर दिसतो. परंतु अशा केंद्राचा खरा व्यवहार पाण्याचा असतो. पाण्याचा दाब वाढवायचा, त्याची वाफ करायची, त्या वाफेने टर्बाइन फिरवायचे, वाफेचे पुन्हा पाणी करायचे आणि ते परत बॉयलरकडे धाडायचे. या चक्रात जागोजागी व्हॉल्व्ह असतात. आपल्या शाळेतून बाहेर पडणारे अनेक विद्यार्थी पुढे आयटीआय किंवा पदविका घेऊन अशाच यंत्रांपाशी उभे राहतील. त्यांनी तेथे केवळ चाक फिरवणारे हात म्हणून उभे राहू नये, तर आत काय चालले आहे हे जाणणारे म्हणून उभे राहावे, या हेतूने हा पाठ लिहिला आहे.

१. अरुंद वाट, वाढता वेग, घटता दाब

प्रथम एक संकेत ठरवून घेऊ. या लेखात दाब ‘बार’ या एककात दिला आहे. १ बार म्हणजे साधारणपणे आपल्या भोवतालच्या हवेचा दाब. येथील सर्व आकडे निरपेक्ष दाबाचे आहेत. म्हणजे दाबमापकाची तबकडी ५ बार दाखवीत असेल, तर त्यात हवेचा १ बार मिळवून आपण ६ बार धरू.

नळीतून वाहणारे पाणी अरुंद जागेतून जाते तेव्हा त्याचा वेग वाढतो, कारण जेवढे पाणी मागून येते तेवढेच पुढे जायला हवे. वेग वाढला म्हणजे गतिज ऊर्जा वाढली. ही ऊर्जा कोठून येते? ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमानुसार ती दाबाच्या खात्यातून वजा होते. हेच बर्नूलीचे तत्त्व होय.

एक उदाहरण पाहू. नळीत पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने वाहत आहे. या वेगासाठी खर्च होणारा दाब अवघा ०.०२ बार असतो. आता तेवढाच प्रवाह नळीच्या एक दशांश क्षेत्रफळाच्या फटीतून न्यायचा असेल, तर वेग दहापट, म्हणजे सेकंदाला २० मीटर होईल. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात दाब घटत असल्यामुळे खर्च शंभरपट होईल, म्हणजे २ बार. वेग दहापट झाला की दाबातील घट शंभरपट होते, हे प्रमाण मनात पक्के ठेवावे. पुढील सारे विवेचन त्यावर उभे आहे.

व्हॉल्व्ह म्हणजे प्रवाहाच्या वाटेत मुद्दाम ठेवलेली अशी अरुंद फट. फटीतून बाहेर पडल्यावरही पाण्याची धार किंचित आणखी आकसते. ही धारेची सर्वांत बारीक जागा फटीच्या थोडी पुढे असते. तिला आपण ‘धारेची कंबर’ म्हणू. तेथे वेग सर्वाधिक आणि दाब सर्वांत कमी असतो. कंबर ओलांडली की धार पसरते, वेग उतरतो आणि गमावलेल्या दाबाचा काही भाग परत मिळतो. उरलेला भाग भोवऱ्यांत व घर्षणात कायमचा जातो.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. व्हॉल्व्हच्या अलीकडे एक दाबमापक आणि पलीकडे एक दाबमापक लावला, तरी सर्वांत कमी दाबाची खबर त्यांपैकी एकालाही नसते. ती जागा दोघांच्या मध्ये, पोलादाच्या आड लपलेली असते.

२. थंड पाणीही उकळते

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, हे आपण पाठ केलेले वाक्य अपुरे आहे. हवेचा दाब सुमारे १ बार असतानाच ते खरे असते. प्रत्येक तापमानाला पाण्याचा एक ठरावीक ‘बाष्पदाब’ असतो. भोवतालचा दाब त्याच्या खाली गेला की पाणी उकळू लागते. ३० अंशांना हा बाष्पदाब ०.०४२ बार, ६० अंशांना ०.२० बार, ९० अंशांना ०.७० बार, १२० अंशांना सुमारे २ बार आणि १५० अंशांना ४.७६ बार असतो.

या आकड्यांचा अर्थ दोन्ही दिशांनी समजून घ्यावा. उन्हाळ्यातल्या ३० अंशांच्या पाण्यावरील दाब ०.०४२ बारच्या खाली नेला, तर ते चुलीवाचून उकळेल. उलट, १५० अंशांचे पाणी ८ बार दाबाखाली ठेवले, तर ते मुळीच उकळणार नाही, शांत द्रवरूपात राहील.

आता मागील परिच्छेदाशी ही गोष्ट जोडू. धारेच्या कंबरेपाशी दाब खाली येतो. तो खाली येता येता पाण्याच्या बाष्पदाबाला टेकला, तर त्या जागी पाणी उकळू लागते आणि वाफेचे असंख्य बुडबुडे तयार होतात. इथून पुढे दोन वाटा फुटतात.

धार पुढे गेल्यावर दाब पुन्हा बाष्पदाबाच्या वर चढला, तर बुडबुडे मिटतात आणि वाफेचे पुन्हा पाणी होते. या घटनेला कॅव्हिटेशन म्हणतात.

पुढील नळीतील दाबच बाष्पदाबाहून कमी असेल, तर बुडबुडे मिटत नाहीत. उलट वाढतच जातात आणि पाणी व वाफ यांचे मिश्रण पुढे धावते. या घटनेला फ्लॅशिंग म्हणतात.

म्हणजे दोहोंचा जन्म एकाच जागी होतो. पुढील दाब बाष्पदाबाहून अधिक की कमी, एवढ्या एका प्रश्नावर त्यांची नावे व परिणाम वेगळे होतात.

३. प्रवाहाची कोंडी

बुडबुडे झाल्यामुळे प्रवाह का अडावा? याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण जागेचे. वाफ पाण्यापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते. कंबरेतली मोलाची जागा वाफ अडवून बसली की पाण्यासाठी वाट उरत नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे. पुढील बाजूचा दाब कमी झाला, ही ‘वार्ता’ मागील पाण्यापर्यंत पोहोचली तरच मागील पाणी अधिक वेगाने पुढे येईल. ही वार्ता पाण्यातून ध्वनीच्या वेगाने जाते. शुद्ध पाण्यात हा वेग सेकंदाला सुमारे १४८० मीटर असतो. पण बुडबुड्यांनी भरलेल्या पाण्यात तो कमालीचा घसरतो आणि काही दशक मीटरांवर येऊ शकतो. धारेचा स्वतःचा वेग त्याच्या बरोबरीला आला की पुढील दाबाची वार्ता कंबर ओलांडून मागे जाऊच शकत नाही. पुढे दाब आणखी कितीही उतरवा, कंबरेतील दाब आणि म्हणून प्रवाह जसाच्या तसा राहतो. यालाच प्रवाह ‘चोक’ झाला असे म्हणतात.

चोक झालेल्या स्थितीत प्रवाह वाढवायचा असेल, तर पुढील दाब उतरवण्याचा उपयोग नसतो. मागील दाब वाढवणे, पाणी थंड करणे किंवा व्हॉल्व्हची वाट मोठी करणे, एवढेच मार्ग उरतात.

४. मर्यादा मोजायची कशी?

ही मर्यादा गणिताने काढता येते आणि ते गणित दहावीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे.

प्रथम व्हॉल्व्हचा ‘प्रवाह गुणांक’ घेऊ. १ बार दाबफरकाला व्हॉल्व्हमधून ताशी जितके घनमीटर पाणी जाते, तो त्याचा प्रवाह गुणांक. प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून गुणांक १०० असेल, तर १ बारला ताशी १०० आणि ४ बारला ताशी २०० घनमीटर पाणी जाईल.

दुसरी संख्या म्हणजे ‘दाबपुनःप्राप्ती गुणांक’. कंबरेपाशी जेवढा दाब उतरला, त्यापैकी किती कायमचा गेला आणि किती परत मिळाला, हे ती सांगते. या गुणांकाचा वर्ग म्हणजे कायमच्या गेलेल्या दाबाचा हिस्सा. ग्लोब व्हॉल्व्हमध्ये पाण्याला वळणे घेत जावे लागते. त्याचा गुणांक साधारण ०.९ असतो. वर्ग ०.८१, म्हणजे कंबरेतील घटीपैकी ८१ टक्के दाब गेला आणि केवळ १९ टक्के परत मिळाला. बटरफ्लाय व्हॉल्व्हमध्ये वाट बरीच सरळ असते. त्याचा गुणांक आपण ०.६ धरू. वर्ग ०.३६, म्हणजे ३६ टक्के गेला आणि ६४ टक्के परत मिळाला.

तिसरी संख्या थोडी नाजूक आहे. धार इतक्या वेगाने जाते की बाष्पदाब गाठताच उकळायलाही तिला क्षणभर उसंत मिळत नाही. दाब बाष्पदाबाच्या किंचित खाली गेल्यावरच वाफ होते. म्हणून बाष्पदाबाला एका दुरुस्ती गुणांकाने गुणतात. थंड पाण्यासाठी तो सुमारे ०.९६ असतो आणि पाणी तापेल तसा उतरत जातो. १५० अंशांना तो सुमारे ०.९२ होतो.

आता नियम असा: मागील दाबातून दुरुस्त केलेला बाष्पदाब वजा करावा आणि येणाऱ्या संख्येला पुनःप्राप्ती गुणांकाच्या वर्गाने गुणावे. उत्तर येते तो प्रवाहाच्या उपयोगी पडणारा कमाल दाबफरक. त्यापलीकडचा दाबफरक प्रवाह वाढवीत नाही.

उदाहरण: पाणी ३० अंशांचे, मागील दाब ६ बार, पुढील दाब १ बार, म्हणजे एकूण फरक ५ बार. व्हॉल्व्हचा प्रवाह गुणांक १००. साध्या नियमाने पाहता ५ च्या वर्गमुळाला १०० ने गुणून ताशी सुमारे २२४ घनमीटर पाणी मिळायला हवे.

दुरुस्त बाष्पदाब ०.०४ बार. ६ वजा ०.०४ म्हणजे ५.९६. बटरफ्लाय व्हॉल्व्हसाठी त्याला ०.३६ ने गुणले की २.१५ बार येतात. म्हणजे ५ बारपैकी फक्त २.१५ बार कामाचे. त्यावरून प्रवाह ताशी सुमारे १४६ घनमीटर. अपेक्षेपेक्षा ७८ घनमीटर कमी!

तोच प्रवाह गुणांक असलेल्या ग्लोब व्हॉल्व्हसाठी ५.९६ ला ०.८१ ने गुणावे, ४.८३ बार येतात. प्रवाह ताशी सुमारे २२० घनमीटर. तोही मर्यादेला टेकला आहे, पण नुकसान नाममात्र आहे.

या दोन उत्तरांतील विसंगती विचार करायला लावणारी आहे. बटरफ्लाय व्हॉल्व्ह प्रवाहाला कमी अडथळा करतो, गमावलेला बहुतेक दाब परत देतो. तरीही मोठ्या दाबफरकाखाली तोच आधी चोक होतो. कारण पुढे इतका दाब परत मिळवायचा, तर कंबरेपाशी तो तितकाच खोल उतरलेला असावा लागतो. केवळ दोन टोकांचे आकडे पाहणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. प्रवाह चोक होण्याच्या बऱ्याच आधी कॅव्हिटेशन सुरू झालेले असू शकते, कारण भोवऱ्यांच्या गाभ्यात दाब सरासरीपेक्षाही खाली असतो. म्हणून आपण काढलेली संख्या ही प्रवाहाची सीमा आहे. ती व्हॉल्व्हच्या सुरक्षिततेची सीमा समजू नये.

५. कॅव्हिटेशन: मिटणाऱ्या बुडबुड्याची ताकद

बुडबुडा तयार होण्याने धातूचे काही बिघडत नाही. बिघडते ते त्याच्या मिटण्याने. भोवतालचा दाब वाढताच वाफेचे क्षणार्धात पाणी होते, आत पोकळी उरते आणि चहूबाजूंचे पाणी त्या पोकळीत एकदम कोसळते. बुडबुडा धातूच्या भिंतीलगत असेल तर तो सर्व बाजूंनी सारखा मिटत नाही. भिंतीच्या विरुद्ध बाजूने पाण्याची सुईसारखी बारीक धार आत घुसते आणि थेट भिंतीवर आदळते. एका बुडबुड्याचा घाव सूक्ष्म असतो, परंतु असे घाव सेकंदाला हजारोंच्या संख्येने त्याच जागी बसत राहिले की कठीण पोलादाचेही कण निखळू लागतात.

या घटनेचा शोध जहाजांमुळे लागला. १८९३ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या ‘डेअरिंग’ या जहाजाच्या चाचण्यांत पंखा अपेक्षित जोर देईना. पंख्याच्या पात्यांवर पोकळ्या तयार होत असल्याचे लक्षात आले. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८९४ मध्ये अरुंद होत जाणाऱ्या काचेच्या नळीत थंड पाणी उकळताना दाखवले. पुढे १९१७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी मिटणाऱ्या पोकळीतील दाबाचे गणित मांडले आणि एवढ्याशा बुडबुड्यात एवढी ताकद कोठून येते याचा उलगडा झाला.

धरणांनाही याचा तडाखा बसलेला आहे. १९८३ च्या पुरात अमेरिकेतील ग्लेन कॅन्यन धरणाच्या सांडव्याच्या बोगद्यांमध्ये वेगवान पाण्यातील कॅव्हिटेशनने काँक्रीटचे अस्तर फोडले आणि खालच्या खडकात मोठा खड्डा पाडला. नंतर त्या बोगद्यांत पाण्यात हवा मिसळण्यासाठी खाचा ठेवण्यात आल्या. हवेमुळे बुडबुड्यांचे मिटणे मऊ होते आणि घाव बोथट होतो.

कॅव्हिटेशनची खूण कानांना आणि डोळ्यांना दोन्हीकडे मिळते. नळीतून खडी किंवा वाळूचे खडे वाहत असल्यासारखा खडखडाट आणि कंपन ही पहिली खूण. व्हॉल्व्ह उघडून पाहिल्यास आतील पृष्ठभाग खडबडीत, सच्छिद्र, जळक्या खंगरासारखा दिसतो, ही दुसरी.

६. फ्लॅशिंग: परत न फिरणारी वाफ

फ्लॅशिंगमध्ये बुडबुडे मिटत नाहीत, म्हणून तो खडखडाट सहसा नसतो. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो. पण धोका कमी नसतो. पुढील उदाहरणाने तो स्पष्ट होईल.

१५० अंशांचे पाणी ८ बार दाबावरून २ बार दाबाच्या पात्रात सोडायचे आहे. १५० अंशांचा बाष्पदाब ४.७६ बार. पुढील दाब त्याहून कमी, म्हणून हे फ्लॅशिंग. २ बार दाबाला पाणी १२० अंशांच्या वर द्रवरूपात राहू शकत नाही. तेव्हा ३० अंशांची जास्तीची उष्णता अप्रकट उष्णता म्हणून वापरली जाते आणि पाण्याचा काही भाग वाफ होतो. हिशेब केल्यास १ किलो पाण्यातून सुमारे ५८ ग्रॅम वाफ होते, असे दिसते.

वजनाने हा हिस्सा सहा टक्क्यांहूनही कमी आहे. पण २ बार दाबाला या ५८ ग्रॅम वाफेला सुमारे ५१ लिटर जागा लागते. जे १ किलो पाणी व्हॉल्व्हच्या अलीकडे जेमतेम १.१ लिटर जागेत मावत होते, ते पलीकडे ५० लिटरच्या आसपास जागा मागते. नळीचा व्यास तोच ठेवला, तर वेग जवळजवळ पन्नासपट व्हावा लागेल. अशा वेगाने जाणारी वाफ आपल्याबरोबर पाण्याचे थेंब नेते आणि ते थेंब वाळूच्या फवाऱ्यासारखे धातू घासतात. म्हणूनच फ्लॅशिंगने झिजलेला व्हॉल्व्ह आतून गुळगुळीत, पॉलिश केल्यासारखा चकाकतो.

जुना सुटा भाग हातात घेऊन ‘खडबडीत की गुळगुळीत?’ एवढे पाहणारा कामगार आजाराचे निदान करू शकतो. आणि निदान महत्त्वाचे अशासाठी की, कॅव्हिटेशन टाळता येते. फ्लॅशिंग व्हॉल्व्ह बदलून टाळता येत नाही. पुढील पात्राचा दाबच बाष्पदाबाहून कमी असेल, तर कोणताही व्हॉल्व्ह लावला तरी वाफ होणारच.

७. औष्णिक केंद्रात हे कोठे घडते?

मौदा येथील केंद्रासारख्या कोणत्याही मोठ्या औष्णिक केंद्रात दोन जागा या दृष्टीने अभ्यासण्याजोग्या असतात.

पहिली जागा बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या पंपापाशी. हा पंप पाण्याचा दाब जवळपास दोनशे बार किंवा त्याहूनही वर नेतो. बॉयलरची मागणी कमी असते, विशेषतः संच सुरू करताना, तेव्हा पंपातून फारच थोडे पाणी वाहते, ते आतच घुसळून तापते आणि पंपाला इजा होण्याची भीती असते. म्हणून ठरावीक किमान पाणी एका व्हॉल्व्हमधून पुन्हा मागील टाकीकडे फिरवतात. या टाकीत दाब काही थोड्या बारांचा आणि पाणी दीडशे अंशांच्या वर तापलेले. म्हणजे त्या एका व्हॉल्व्हने दोनशे बारांच्या आसपासचा दाब उतरवायचा आणि तोही उकळीच्या उंबरठ्यावरील पाण्याचा! कॅव्हिटेशनसाठी याहून कठीण परीक्षा क्वचितच असेल.

दुसरी जागा फीडवॉटर हीटरच्या निचऱ्याची. टर्बाइनमधून काढलेली वाफ बॉयलरकडे जाणाऱ्या पाण्याला उष्णता देते आणि स्वतः पाणी होऊन हीटरच्या तळाशी साचते. हे पाणी आपल्या दाबाला बरोबर उकळीवर असते. त्यावरील दाब जरा उतरला की ते उकळणारच. ते कमी दाबाच्या पुढील हीटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह म्हणजे फ्लॅशिंगचे ठरलेले ठिकाण. मागील दाब आणि बाष्पदाब येथे जवळजवळ सारखे असल्यामुळे आपल्या नियमातील वजाबाकी फारच लहान येते आणि प्रवाह थोड्याशा दाबफरकालाच चोक होतो. व्हॉल्व्ह लहान निवडला गेला, तर हीटरमधील पाण्याची पातळी चढू लागते, आणि ते पाणी टर्बाइनकडे उलट जाणे हा गंभीर अपघात ठरू शकतो. व्हॉल्व्हच्या गणिताचा संबंध अशा रीतीने यंत्राच्या आणि माणसांच्या सुरक्षिततेशी येतो.

८. उपाय

कॅव्हिटेशनवरील मुख्य उपाय म्हणजे दाब एका दमात न उतरवता पायऱ्यापायऱ्यांनी उतरवणे. माळ्यावरून उडी मारणारा पाय मोडून घेतो. जिन्याने उतरणारा सुखरूप येतो. मोठ्या दाबाच्या व्हॉल्व्हमध्ये पाण्याला एकामागून एक अनेक वळणांतून वा छिद्रांच्या चाळणीतून नेतात, ते यासाठीच. मात्र सर्व पायऱ्या सारख्या नसतात. मागील उदाहरणातील बटरफ्लाय व्हॉल्व्हचाच हिशेब चालवला, तर ६ बारवर उपयोगी दाबफरकाची सीमा २.१५ बार आहे. दाब ४ बारवर आला की तीच सीमा १.४३ बार होते, २.६ बारवर ०.९२ बार. दाब उतरत जातो तशी बाष्पदाबापासूनची अंतरे कमी होतात. म्हणून पहिली पायरी मोठी आणि शेवटची सर्वांत लहान ठेवावी लागते.

इतर उपायही याच तत्त्वातून निघतात. अधिक दाब परत न देणारा व्हॉल्व्ह निवडणे. व्हॉल्व्ह शक्य तितक्या खालच्या पातळीवर बसवणे, म्हणजे पुढील पाण्याच्या उंचीमुळे दाब वाढतो. पुढे छिद्र असलेली चकती बसवून थोडा दाब राखून ठेवणे. पाणी शक्य तेथे थंड झाल्यावर सोडणे. आणि आतील भागांना स्टेलाइटसारख्या कठीण मिश्रधातूचे अस्तर देणे. शेवटचा उपाय आजार हटवीत नाही, फक्त तो सोसण्याची ताकद वाढवतो.

फ्लॅशिंगच्या बाबतीत वाफ होणार हे गृहीत धरावे लागते. तेव्हा व्हॉल्व्हचे माप वाफेचा हिशेब धरून ठरवणे, तो पुढील पात्राच्या अगदी जवळ बसवणे, पुढील नळी मोठ्या व्यासाची घेणे आणि धार भिंतीवर न आदळता मोकळ्या जागेत पडेल अशी रचना करणे, हे मार्ग उरतात.

९. शेत आणि स्वयंपाकघर

हे विज्ञान केंद्राच्या कुंपणाआडच राहते असे नाही. विहिरीच्या काठावर ठेवलेला पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पंप नळीतील दाब कमी करतो आणि बाहेरील हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हवेचा दाब सुमारे १ बार, म्हणून ही उंची कोणत्याही परिस्थितीत १० मीटरच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि व्यवहारात ६ ते ७ मीटरच धरावी. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खोल गेली आणि पंप वरच राहिला की पंपाच्या तोंडाशी दाब बाष्पदाबाला टेकतो. पंप खडखडतो, पाणी कमी देतो, आतील चक्र कुरतडले जाते. अशा वेळी अधिक अश्वशक्तीची मोटर बसवून भागत नाही. पंप खाली, पाण्याजवळ न्यावा लागतो.

फ्लॅशिंगचे उदाहरण वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आहे. शिट्टीच्या कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंशांना, २ बार दाबाखाली शांत असते. दाब न उतरताच झाकण उघडले, तर १ किलो पाण्यातून सुमारे ३७ ग्रॅम वाफ एका क्षणात होते आणि तिला ६० लिटरहून अधिक जागा लागते. वरण छतापर्यंत उडते ते या वाफेमुळे. ‘कुकर निवल्याशिवाय झाकण काढू नये’ ही आईची ताकीद आणि अभियंत्याचा नियम यांचा पाया एकच आहे.

१०. समारोप

या पाठाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. प्रवाहाची मर्यादा दोन टोकांच्या फरकावरून ठरत नाही. मधल्या, न दिसणाऱ्या, सर्वांत अवघड जागी काय घडते त्यावरून ठरते. पुढील दाब उतरवून पाणी वाढत नसेल, तर आणखी उतरवण्यापूर्वी मधल्या जागेचा विचार करावा. झिजलेला भाग वारंवार बदलत राहण्यापेक्षा तो का झिजतो, हे शोधावे. कार्याच्या मागे कारण असते आणि कारण नाहीसे केले की कार्यही थांबते, ही विचारपद्धती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. प्रयोगशाळेत आणि कारखान्यातही तिचाच अवलंब करायचा असतो.

या स्मरणिकेच्या वाचकांना आणखी एका गोष्टीचे स्मरण करून द्यावेसे वाटते. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि सिंचन व वीज हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते. वीजनिर्मितीच्या नियोजनासाठी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि नद्यांच्या पाण्यासाठी केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग या संस्था त्याच काळात उभ्या राहिल्या. पाणी आणि वीज यांचे शास्त्र हा राष्ट्राच्या उभारणीचा पाया आहे, ही दृष्टी त्यामागे होती. आज वैनगंगेचे पाणी आपल्या शेजारी विजेच्या निर्मितीसाठी राबत आहे. त्या पाण्याची भाषा समजून घेणे हे या परिसरातील मुलामुलींचे काम आहे, आणि ते काम त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही, असा आमचा विश्वास आहे.

स्वाध्याय

१. पाणी ६० अंशांचे, मागील दाब ६ बार, व्हॉल्व्हचा पुनःप्राप्ती गुणांक ०.६, दुरुस्ती गुणांक ०.९५. उपयोगी कमाल दाबफरक काढा. (उत्तर: सुमारे २.०९ बार.) ३० अंशांच्या उत्तराशी त्याची तुलना करा. पाणी दुप्पट अंशांना तापूनही उत्तर फारसे का बदलले नाही?

२. हेच गणित १५० अंशांच्या पाण्यासाठी, मागील दाब ८ बार, पुनःप्राप्ती गुणांक ०.९ आणि दुरुस्ती गुणांक ०.९२ धरून करा. (उत्तर: सुमारे २.९ बार.) पुढील दाब २ बार असल्यास ६ बारपैकी किती दाबफरक प्रवाहाच्या कामी येत नाही?

३. एका व्हॉल्व्हच्या आतील भाग खडबडीत व सच्छिद्र आढळला, दुसऱ्याचा गुळगुळीत व चकचकीत. दोन्ही ठिकाणी काय घडत असावे आणि कोणता उपाय योजावा, ते कारणांसह लिहा.

४. आपल्या गावातील एखाद्या विहिरीवरील पंप पाण्याच्या पातळीपासून किती उंच आहे, ते वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन, काठावरूनच दोरीने मोजा. हिवाळ्यातील व उन्हाळ्यातील नोंदींची तुलना करा आणि पंप केव्हा अडचणीत येईल याचा अंदाज बांधा.